नळीतला शेंदूर

"ओंक्या, बंदुकीचा बार तू काढणार? खरंच?" दीक्षाने विचारलं.

"मग! आमच्यात थोरला नातू बारा वर्षांचा झाला की दसऱ्याला बार काढतोच!" ओंकारची छाती शर्टात मावत नव्हती.

दसऱ्याची सुट्टी होती. कुरुळीत ओंकारच्या आजोबांच्या, म्हणजे यशवंतरावांच्या खोल्यांत भाड्याने राहणारी दीक्षा आणि तिची धाकटी बहीण मिनल त्याच्या ओट्यावर बसल्या होत्या. आत पाटावर, झेंडूच्या फुलांत, ओंकारच्या पणजोबांचं रिव्हॉल्व्हर ठेवलं होतं.

"अस्सल इंग्लंडचं आहे!" ओंकार म्हणाला.

"काही इंग्लंडचं नाही!" ओंकारने काढलेला फोटो मोठा करत दीक्षा म्हणाली. "लंबगोलात ई, एल, जी. मी शोधलं, हा बेल्जियमचा शिक्का आहे. शंभरेक वर्षांपूर्वीचं असणार. आजची काडतुसं त्याला झेपतील का? आणि नळीचं तोंड बघ!"

"शेंदूर आहे तो. आजोबा दर दसऱ्याला लावतात."

"लावलाय की भरलाय?"

दीक्षाचे पप्पा चाकणच्या एका कंपनीत पाइप तपासायचे. आरपार उजेड दिसला तरच माल पास! या नळीच्या तोंडाशी नुसता लाल गोळा दिसत होता. गोळी आतच अडली तर?

तिघं ज्योतीरामकाकांकडे, यशवंतरावांच्या थोरल्या मुलाकडे, धावली. काका हसले. "गप गं! मी बारा वर्सांचा व्हतो तवा ह्यानंच बार काढला. काय झालं न्हाई!"

"त्यानंतर कधी उडवलं, काका?"

"न्हाई. तीस वर्सांत थोरला नातू कुठं व्हता?"

"म्हणजे तीस दसऱ्यांचा शेंदूर आत!"

"लई शानपना नको! सांजच्याला बार व्हनारच."

ओंकार आता आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. "आजोबांना नाही म्हणायची माझी टाप नाही गं," तो हळूच म्हणाला.

"मोठ्यांचं मोठेच ऐकतात!" मिनल म्हणाली.

गल्लीच्या टोकाला रंगराव राहायचे. लष्करात त्यांनी जन्मभर बंदुका दुरुस्त केल्या होत्या. "यशवंतआजोबांनी तुम्हाला पूजेला बोलावलंय, मानाचे पाहुणे म्हणून!" दीक्षाने बेधडक ठोकून दिलं. वाटेत मात्र तिने सगळं खरं सांगितलं, तशी रंगरावांनी झपाझप पावलं उचलली.

दसऱ्याला दारात आलेल्या पाहुण्याला कोण अडवणार?

"मागं सरा! कुणी हात लावायचा न्हाई!" रंगरावांनी नळी जमिनीकडे धरून रिव्हॉल्व्हर उघडलं. आत सहा काडतुसं!

"सकाळीच भरलं व्हतं," काका पुटपुटले. दिवसभर त्या पाटाभोवती पोरं खेळली होती.

काडतुसं काढून रंगरावांनी मागून नळीत बारीक काठी सारली. ती अर्ध्यातच अडली. तेलात कालवलेला शेंदूर दगडासारखा घट्ट झाला होता.

"बार काढला असता तर नळी फुटली असती, यशवंतराव. नातवाचा हात गेला असता. कदाचित पोरगंच."

ओंकारच्या आईने त्याला जवळ ओढलं.

"पोलीस ठाण्यात जमा करा. आजच," रंगराव म्हणाले.

यशवंतरावांनी होकाराने मान डोलावली. त्यांनी आपट्याची पानं उचलली आणि सगळ्यांत आधी दीक्षाच्या हातात ठेवली. "पोरी, खोटं बोलून का व्हईना, माझं घर राखलंस."

दीक्षाला आता कुठे रडू फुटलं.

आजोबांनी ओंकारचा उजवा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. सकाळी त्या नळीला लावलेला शेंदूर त्यांच्या बोटाला अजून होता. तो नातवाच्या तळहाताला लागला, तेव्हा ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले.