उज्वलाचा फोन जोडलेला आहे

लातुरात औसा रोडला माझं गाड्यांना टेप बसवायचं दुकान आहे. भुताखेतांचं म्हणाल तर आपला भरवसा फक्त वायरीवर. गिऱ्हाईक म्हणतं टेप बिघडला, मी म्हणतो आधी तुमचा फोन दाखवा. दहातल्या नऊ वेळा खोड फोनचीच निघते.

रेणापूरचे आप्पासाहेब भर दुपारी आले. त्यांची पोरगी उज्वला नांदेडला नोकरीला होती, महिन्यापूर्वी तापानं गेली. हा टेप तिनंच माझ्याकडून बसवून घेतला होता, गाडी चालवताना बापाला फोन उचलता यावा म्हणून. आप्पांनी ते कधी शिकून घेतलं नाही. तिचा शेवटचा फोन आला तेव्हा ते गाडी चालवत होते. उचलला नाही.

"मिस्तरी, माझा फोन जोडून द्या. पण तिचा तोडू नका."

टेपच्या पडद्यावर तिचं नाव होतं, फोन जोडलेला. तिच्या फोनच्या बॅटरीची एकच कांडी उरली होती.

"तिचा फोन गाडीतच असंल कुठंतरी."

"गोदावरीत हाय. राख सोडाया गेलो तवा तिच्या मायनं गाठोड्यात घातला. म्हणली, फोनबिगर करमायचं न्हाई लेकीला."

ब्लूटूथ तीस फुटांपलीकडं जात नाही. मी डिकी उपसली, सीटांखाली हात घातला, टेपची वायर काढून परत जोडली. नाव तसंच.

"परवा दोन कांड्या होत्या," आप्पा म्हणाले. "चार्ज कसा करावा?"

मला राग आला आणि रडूही आलं. म्हाताऱ्याचं मन राखावं म्हणून चार्जरची वायर लावली, दुसरं टोक रिकाम्या सीटवर ठेवलं.

दुसरी कांडी भरली.

मग तिसरी.

पडद्यावर अक्षरं बदलली. उज्वलाच्या फोनवरून आप्पांना फोन लागत होता.

आप्पांनी खिशातला फोन काढून दोन्ही हातांत धरला. तो वाजला नाही, उजळलाही नाही.

"वाज की रे," ते त्याला म्हणाले. "गाडी उभी हाय माझी."

टेपमध्ये चार वेळा घंटी गेली. मग कुणीतरी उचलला. पडद्यावर सेकंद पळू लागले.

"बोल, माय," स्पीकरमधून आप्पांचाच आवाज आला.

आप्पांचं तोंड मिटलेलं होतं. ते पडद्याजवळ वाकले.

"उज्वले," ते हळूच म्हणाले, "त्यो मी न्हाई."