तिसरं बटण

उत्तर न दिलेली पत्रं एली वॉसरमनच्या आयुष्यात पुष्कळ होती, पण म्हातारपणी आठवायचं ते एकच. १९५४ च्या जानेवारीत आलेलं. रेघांच्या वहीतून फाडलेला कागद, गोल अक्षर, खाली नाव: वर्ना हॉब्स, लिमा, ओहायो.

‘तुमच्या अंकातल्या दीपगृहाच्या गोष्टीत, चौथ्या पानावर, रस्त्याच्या टोकाला एक बाई उभी आहे. ती माझी बहीण डेला. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात सकाळी घरातून गेली, ती परत आलीच नाही. तिच्या काळ्या कोटाचं तिसरं बटण हरवलं होतं. त्या जागी मी फिकट बटण शिवून दिलं होतं. चित्रातही तिसरं बटण फिकट आहे. ज्यांनी हे चित्र काढलं त्यांनी तिला कुठे पाहिलं, एवढं कळवा. आई फार थकली आहे.’

वाचकांची पत्रं एलीकडे येत, कारण भयकथांचे कॉमिक्स काढणाऱ्या त्या कचेरीत पुस्तकं वाचणारा तो एकटाच. बाकी त्याचं काम अक्षरं काढण्याचं. व्हिन्स काराफा पेन्सिलीने चित्रं काढी, मग एली फुगे आखून त्यांत संवाद लिही, आणि शेवटी मो श्टर्न सगळ्यावर शाई फिरवी. पान एकदा पुढे गेलं की मागे येत नसे. छापून आलेला अंक कुणी उघडून बघत नसे. तोवर पुढची पंधरा पानं डोक्यावर बसलेली असत.

एलीने अंक शोधून काढला. बाई होती. नखाएवढी. कोटाला पाच ठिपके, त्यांतला तिसरा कोरा.

“व्हिन्स, ही कोण रे?”

व्हिन्सने सँडविच बाजूला ठेवलं. “ही? मोचं काम असणार. त्याला मोकळी जागा बघवत नाही.”

“मी?” मो पलीकडच्या टेबलावरून म्हणाला. “तू काढतोस त्यावर मी शाई फिरवतो, बाबा. बायका पैदा करत नाही. घरी एक आहे तेवढी पुरे.”

दोघं हसले. प्रत्येकाला वाटत होतं, ती दुसऱ्याने काढली.

एलीने जुने अंक काढून टेबलावर पसरले. ती पाच गोष्टींत सापडली. आधी टेकडीवर, मग पुलावर, मग रस्त्याच्या टोकाला, मग कुंपणापाशी. नुकत्याच आलेल्या अंकात ती एका घराच्या खिडकीबाहेर उभी होती आणि तिचा तळवा काचेवर टेकला होता.

त्याने उत्तराचा मसुदा केला, फाडला, पुन्हा केला. लिहायचं काय? ‘कोणी काढली ते आम्हाला ठाऊक नाही’? ओहायोतल्या त्या थकलेल्या आईला हे वाचून दाखवायचं? एकदा खात्री करून घेऊ आणि मगच लिहू, असं त्याने ठरवलं. खात्री करून घेण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

ते वर्ष आमच्या धंद्याचं नव्हतंच, असं मो पुढे म्हणायचा. मुलं बिघडतात म्हणून शाळांच्या आवारात असले अंक ढिगाने जाळत. एप्रिलात सिनेटरांनी कॉमिक्सची चौकशी मांडली. कचेरीत फोन वाजला तरी माणसं दचकत.

जुलैमध्ये एके दुपारी व्हिन्सने पान आणून दिलं, तेव्हा एलीने त्याला दंडाला धरून थांबवलं.

“या खिडकीत कुणी आहे?”

“कुणी नाही.”

“नीट बघ.”

“नाही म्हटलं ना, प्रोफेसर. शपथ सिनेटरांसमोर घेईन, बोलावलं की.”

दोन तास एलीने त्या पानावर अक्षरं काढली. जागेवरून उठला नाही. कॉफी गार झाली. मग पान स्वतः मोच्या टेबलावर नेलं. व्हिन्सही मागोमाग आला.

“ही बघा,” मो म्हणाला. “आली तुमची मैत्रीण.”

खिडकीत ती होती. पेन्सिलीत, हलक्या हाताने काढलेली. तिसरं बटण कोरं.

मग व्हिन्सने एलीच्या पाठीवर थाप मारली. “लाजतोस कशाला रे? छान काढलीस. माझ्यापेक्षा बरी.”

“मला चित्र काढता येत नाही,” एली म्हणाला.

ते खरं होतं. साधा हाताचा पंजा त्याला जन्मात जमला नव्हता.

त्या दिवसापासून पत्राचं उत्तर आणखी अवघड झालं. ज्यांनी चित्र काढलं त्यांनी तिला कुठे पाहिलं ते कळवा, असं वर्नाने लिहिलं होतं.

ऑक्टोबरात नवे नियम आले. छापण्याआधी प्रत्येक पान तपासणीला जायला लागलं. नोव्हेंबरात शेवटच्या अंकाचं सहावं पान परत आलं, त्याला टाचलेला टंकलिखित कागद होता. दुसरी चौकट, कवटी, काढा, कारण भीषण. तिसरी चौकट, रक्त, काढा, कारण भीषण. पाचवी चौकट, खिडकीतली बाई, काढा.

तिच्यापुढे कारण लिहिलं होतं: वाचकाकडे बघते.

एलीने पान उजेडात धरलं. आता तिचा चेहरा खिडकीभर झाला होता. तोंड उघडं. आणि तोंडाशी टोक आलेला एक फुगा, आत काही नाही. फुगे आखायचं काम एलीचंच होतं. हा त्याने आखला नव्हता. निदान त्याला तसं वाटत होतं.

टाक शाईत बुडवून त्या फुग्यात नुसता टेकवला तर हात आपणहून लिहील?

त्याने टाक उचलला. निबेवर थेंब जमला.

“वॉसरमन!” संपादक हॅलोरन दारातून ओरडले. “चारला प्रेसचा माणूस येतोय. ती बाई गेली का?”

“जातेय, मिस्टर हॅलोरन.”

एलीने टाक खाली ठेवला आणि पांढऱ्या रंगाचा ब्रश घेतला.

आधी कोट. मग बटणं. मग काचेवरचा तळवा.

चेहरा शेवटी.

पहिल्या हातात डोळे गेले. दुसऱ्या हातानंतरही तोंड दिसत राहिलं. तिसऱ्या हाताला ते गेलं. त्याबरोबर फुगाही.

अंक निघाला. खिडकी रिकामी होती. पंधरा दिवसांनी लिमाहून एक कार्ड आलं: ‘या अंकात ती नाही. तुम्हाला काही कळलं का?’ डिसेंबरात कंपनी बंद पडली. व्हिन्स जाहिरातींकडे गेला, मो फ्लोरिडाला. एलीने ते पान, पत्र आणि कार्ड एका जाड पुठ्ठ्यात घालून क्वीन्समधल्या घरी आणलं आणि कपाटाच्या मागे ठेवलं.

पस्तीस वर्षांनी, मार्चमधल्या एका सकाळी, त्याने तो पुठ्ठा काढला. डॉक्टरांनी आदल्या दिवशी जे सांगितलं होतं त्यानंतर कसली खात्री करून घ्यायला फारसा वेळ उरला नव्हता.

पांढरा रंग तडकला होता. पान उचलताच त्याचे पापुद्रे मांडीवर गळले.

खाली बाई नव्हती. खिडकी होती, आणि फुगा.

फुग्यात अक्षरं होती. त्याच्याच वळणाची, त्याच्याच जाडीची, ओळीत नीट बसवलेली.

‘वर्ना, हा कळवणार नाही. तूच ये.’

एलीने पान टेबलावर ठेवलं. मग निळं बॉलपेन घेऊन त्याने एका दमात लिहिलं. ‘प्रिय श्रीमती हॉब्स, तुमचं खरं होतं. ती तुमची बहीण होती. बटण फिकट होतं. ती खिडकीपर्यंत आली होती आणि तिला काही सांगायचं होतं. मी ते होऊ दिलं नाही. तुम्ही कुठेही जाऊ नका.’

पाकीट चिकटवण्याआधी त्याने पानाकडे एकदा बघितलं. खिडकीपलीकडे, दूर टेकडीवर, दोन ठिपके होते. त्याने भिंग लावलं. दोन बायका पाठमोऱ्या चालल्या होत्या. एक तरुण, काळ्या कोटातली. दुसरी वाकलेली, हातात पर्स, तरुणीने तिचा हात धरलेला.

पत्ता तोच लिहिला. दुसरा त्याला माहीत नव्हता.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत तो काठी टेकत गेला. स्वच्छ ऊन पडलं होतं. समोरच्या बेकरीबाहेर बायका गप्पा मारत होत्या. त्याने झाकण ओढलं, पाकीट आत सोडलं, ते तळाशी पडल्याचं ऐकलं.

हात बाहेर काढला तर अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना, टाक धरतात तिथे, काळी शाई लागली होती. अजून ओली.