पॉइंट नंबर नऊ

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं रात्री मैदानावरून धावून आली की लालासाहेबांच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकत. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले. आसपास कुठे पंचनामा असला की पोलीस पंच म्हणून त्यांनाच बोलवत. त्या रात्री लाइट गेलेली होती.

"तात्या, मी पोलीस झाली की पैला सॅल्यूट तुमाला," पूजा म्हणाली.

"मार गं. पर आधी नाथाजी हवालदाराचं ऐक. झालेली गोष्ट हाय, आपल्या जत भागातली. औटपोस्टाचं नाव तेवढं विचारू नका."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

दिवाळी झाल्यावर एका सोमवारी नाथाजी हवालदार जतला रंगीत झेरॉक्स काढायला गेला. मोबाइलमध्ये चौदा फोटो होते, त्याचे चौदा कागद हवे होते.

"एवढे क्यूआर?" दुकानदार म्हणाला. "हवालदार, दुकान टाकताय का काय?"

"व्हय. भेळंचं," नाथाजी म्हणाला.

ते गस्तीचे कोड होते. रात्रीच्या गस्तीवाल्याने ठरलेल्या जागी जायचं, तिथल्या खांबावर चिकटवलेला कोड मोबाइलवर स्कॅन करायचा, की 'हजर' अशी वेळेसकट नोंद व्हायची. कोड खांबावरचा आहे की टेबलावरचा, ते मात्र मोबाइल बघत नव्हता.

नाथाजी काही वाईट माणूस नव्हता. औटपोस्टाला मंजूर माणसं नऊ, हजर तीन. गावं सव्वीस. एक जण बंदोबस्ताला, एक आरोपी घेऊन कोर्टात, रात्रीला नाथाजी एकटा. गुडघे गेलेले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. मग खुर्चीत बसून तो एकेक कागद मोबाइलसमोर धरायचा. दोन वाजून सात मिनिटांनी नऊ नंबर.

नऊ नंबर सुलाबाईच्या फाटकावर होता. अकरा किलोमीटर आत, माळावरची एकटी वस्ती. म्हातारीची शेरडं दोनदा चोरीला गेली, दोनदा तिनं डावा अंगठा उठवून अर्ज दिला. "माणसं न्हाईत बाई, गस्त कुठनं घालू?" नाथाजीनं सांगितलं. ती भांडली नाही. दोन्ही वेळा आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतला, आणि तिसऱ्या खेपेला ते दोन्ही कागद घेऊन थेट सांगलीला मोठ्या साहेबांपुढं जाऊन उभी राहिली. पंधरा दिवसांत तिच्या फाटकावर कोड लागला. लावायला नाथाजीच गेला होता.

"रातचं किती वाजता येणार वो?" तिनं विचारलं.

"दोनच्या सुमाराला."

"या की. म्हाताऱ्या माणसाला कुठली झोप. थाप मारा, कडी काढती. च्या घिऊन जावा."

ती रोज दोन वाजता जागी राहत होती, हे नाथाजीच्या कधी ध्यानातच आलं नाही.

सात डिसेंबर, रविवार. रात्री कुणीतरी सुलाबाईला तिच्याच उंबऱ्यात मारून टाकलं. गळ्यातलं, कानातलं नेलं. सकाळी दूधवाल्यानं बघितलं. दार फोडलेलं नव्हतं, कडी आतून काढलेली होती. चुलीवर च्याचं भांडं आटून काळं पडलं होतं. एवढ्या रात्री तिनं दार कुणाला उघडलं असेल, हे कुणाला उमजेना. नाथाजीला उमजलं.

साहेबांनी नोंदी काढल्या. पॉइंट नऊ, दोन वाजून सात मिनिटं, हजर.

"नाथाजी, तुम्ही तिथं होता. काय दिसलं?"

खरं बोलावं तर नोकरी जात होती. नाथाजी म्हणाला, "सगळं शांत हुतं साहेब. बाई झोपल्याली." तसा जबाबही दिला, सही करून. म्हणजे दोन वाजेपर्यंत बाई सुखरूप. मग तपास सगळा पहाटेच्या वेळेचा झाला. पहाटे कोण कुठे होतं ते विचारलं गेलं, आणि ज्यांनी मारलं ते पहाटे आपापल्या घरी होते. सुटले.

एकोणीस डिसेंबर. शुक्रवार, अमावस्या. दुपारी माळावर सुलाबाईच्या तेराव्याचं जेवण झालं. त्याच दुपारी नाथाजीनं नऊ नंबरचा कागद चौकीमागं जाळला.

रात्री दाराला आतून कडी घालून तो बसला. एक ते आठ झाले. नऊ नव्हताच. त्यानं दहा उचलला.

मोबाइल वाजला.

पॉइंट नऊ. दोन वाजून सात मिनिटं. हजर.

त्यानं हातातला कागद बघितला. दहाच होता.

पायांना गार लागलं. त्यानं खाली बघितलं. फरशी नव्हती. शेणानं सारवलेलं अंगण होतं... समोर उंबरा. दाराच्या फटीतून पिवळा उजेड. आत च्या उकळत होता. आलं घातलेला.

त्याला मागं फिरायचं होतं. पाय उचलेनात.

मागं मोटारसायकल थांबली.

दोघं उतरले. त्याच्या अंगाला घासून पुढं गेले. त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. एकानं दारावर थाप मारली.

"गस्त हाय, मावशी."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज. पावलं. उघडू नको... नाथाजीनं सगळा जीव गळ्यात आणला. आवाज फुटेना.

कडी निघाली.

दारात सुलाबाई. तिनं त्या दोघांकडं बघितलं नाही. दोघांच्या मधून तिनं नाथाजीकडं बघितलं.

"आलासा," ती म्हणाली. "कागदावर रोज येत हुतासा. आज बघा."

त्यानं डोळे मिटले.

पापण्यांवर दोन बोटं टेकली. गार. ओली. पापण्या वर ओढल्या... आणि धरून ठेवल्या.

शेवटपर्यंत.

लालासाहेब थांबले. तांब्यातलं पाणी घोटभर प्याले.

"सकाळी बंदोबस्ताचा हवालदार परत आला. दार आतनं बंद. हाका मारून दमला, मग फोडलं. मला पंच म्हणून बोलावणं आलं. नाथाजी खुर्चीत बसल्याला. जिता हुता, पर डोळं सताड. टेबलावर आठ पानांचा जबाब. अक्षर त्याचंच. मी एक दिवसबी वस्तीवर गेलो न्हाई, पैलं लिहून दिल्यालं खोटं हाय, हितनं सुरवात. आन् मग ती रात. दोघांची तोंडं, कापडं, गाडीचा नंबर. कुणी आधी हात घातला, कोण हसला. सगळं."

"मग सापडले?" पूजानं विचारलं.

"आठवड्यात. बाईच्या कानातल्यासकट. नाथाजी त्याच्या आधीच गेला, पाचव्या दिवशी. डॉक्टरनं लय परयत्न केलं, डोळं काय मिटलं न्हाईत. सरणावर ठिवला तवाबी आमच्याकडं बघतच हुता."

पोरांतला मानसिंग अंधारात जरा सरकला. "मनाचंबी आसंल की तात्या. पाप खात आसंल त्याला. गाडी, माणसं... आधीच म्हाईत आसतील त्याला."

"आसंल. मीबी तेच म्हणलो. म्हणत म्हणतच जबाबाचं शेवटचं पान वाकून बघितलं. खाली त्याची सही. सहीच्या बाजूला साक्षीदाराची जागा आसती. तितं अंगठा उठिवल्याला. डावा."

"कुणाचा?"

तात्यांनी तांब्या खाली ठेवला. लांब रस्त्यावरून एक गाडी गेली.

"शाईचं पॅड कपाटात हुतं, कुलपात," ते मग हळू म्हणाले. "त्यो कागद आता कोर्टात आसतो. परवा तारखंला बाहेर काढला, मी हुतो तितं. कारकुनानं पान उलाटलं आन् रुमालानं हात पुसाय लागला..."

"का?"

"शाई लागली हाताला. आजून वाळल्याली न्हाई."