खुलताबादच्या घाटात दोन गाड्या

मकाई दरवाजाच्या कमानीतून एका वेळी एकच गाडी जाते. त्या दुपारी दोन शिरल्या – इकडून सावनीची सत्त्याहत्तर सालची निळी फियाट, तिकडून शोरूमची कोरी पांढरी गाडी.

"मॅडम, जरा मागं घ्या की!"

"माझी गाडी तुमच्या गाडीपेक्षा चाळीसेक वर्षांनी थोरली आहे. मागे कोणी सरायचं?"

पांढऱ्या गाडीतला तरुण हसला… आणि सरला.

दुसऱ्या दिवशी सावनीच्या सिडकोतल्या घराच्या दारात तोच उभा! वैजापूरचा सत्यम, शोरूममधला विक्रेता. त्याला सावनीच्या वडिलांनी, अनंतरावांनी बोलावले होते. सावनी रोज ह्याच फियाटने वाळूजच्या कारखान्यांच्या वसाहतीत नोकरीला जाई. ती शोरूमला मोडीत देऊन तिला नवी गाडी घ्यायची, असे त्यांनी ठरवले होते. सावनीची आई आता नव्हती; ती ह्याच फियाटवर गाडी चालवायला शिकली होती. सावनीला फियाट जाऊ द्यायची नव्हती.

"दोन्ही घाटात चालवून पाहा," अनंतराव सत्यमला म्हणाले, "आणि खरं काय ते सांगा."

दोन हजार सोळा सालचा तो एप्रिल. नळाला पाणी आठवड्याने येई. शहर मात्र बायपासच्या कडेने मजल्यामागून मजले चढत होते, जणू तहान ही फक्त जमिनीची गोष्ट.

सावनी शेजारी बसली. नवी गाडी खुलताबादचा घाट अशी चढली, की चढ होता हेच कळले नाही. स्टिअरिंग एका बोटावर फिरत होते.

"कशी वाटली?" सत्यमने विचारले.

"बंद खोलीत बसून आल्यासारखी."

मग फियाट. आता सत्यमला वळणे दोन्ही हातांनी ओढावी लागली. रस्त्यावरची खडीन् खडी तळव्यांना कळली. काचेतून तापलेला वारा, वाळल्या गवताचा वास… इंजिनाला धाप लागताच सवयीने त्याचा डावा हात गिअर शोधत दोघांमधल्या सलग आसनावर आला, आणि सावनीच्या हातावर पडला.

"गिअर स्टिअरिंगपाशी आहे," ती म्हणाली. हात मात्र तिने लगेच काढला नाही. "तिसऱ्यांदा विसरलात."

"चौथ्या खेपेला सांगून इसरतो."

उतारावर शेळ्यांचा कळप आडवा आला. सत्यम ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला. शेवटची शेळी वीतभर अंतराने वाचली.



"बाबांना हे सांगू नका," सावनी हळूच म्हणाली. "म्हणा, दोन्ही सारख्याच…"

"नाय जमायचं."

"माझ्यासाठीही?"

"तुमच्यासाठीच नाय जमायचं. त्या वाळूजच्या ट्रकांमधनं रोज कोण जाणार – मी का?"

परतीच्या वाटेवर तिने त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही.

अनंतराव फाटकातच थांबले होते. "बोला."

"काका, ब्रेक म्हणा, वेग म्हणा, नवी सरस. ह्या वयाचे ब्रेक रोजच्या रस्त्याला नकोत." सावनीचे डोळे भरून आले. तो पुढे म्हणाला, "पण जुनी आम्हाला देऊ नका. रस्ता पायाखाली कसा आहे, ते हीच सांगती. रविवारी सकाळी, मोकळ्या सपाट रस्त्यानं, हळू फिरवली… तर लई वर्षं जगंल."

अनंतरावांनी चष्मा काढून पुसला. "माझे गुडघे गेले. आणि हिला एकटीला ही गाडी मी नेऊ देणार नाही. मग चालवणार कोण?"

सत्यम बुटांवरची धूळ निरखू लागला.

"ज्याला माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलता येत नाही, त्याने," सावनी म्हणाली.

वडिलांसमोर आपण काय बोलून गेलो, हे तिला जरा उशिराच उमगले. तरी तिने मान खाली घातली नाही. अनंतराव एकदा लेकीकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिले; मग आत चहा टाकायला गेले.

"रविवारी सात वाजता येऊ?" सत्यमने विचारले.

"साडेसहाला," ती म्हणाली. "सातला ऊन होतं."