सावधनाद

सकाळभर मेलेल्या देवमाशाजवळ उभी राहून डॉ. शाल्मली तांडेल रत्नागिरीच्या सागरी ध्वनी प्रयोगशाळेत परतली, तेव्हा तिच्या कपड्यांना कुजक्या चरबीचा वास येत होता. तिनं हात धुतले, पुन्हा धुतले आणि हरून मुकादमांसमोर येऊन बसली.

"कान शाबूत आहेत, हरूनभाई. तिला नीट ऐकू येत होतं."

"आणि जहाजावरचं यंत्रही चालू होतं," हरूनभाई म्हणाले. ध्वनिशास्त्रात त्यांची हयात गेली होती आणि शाल्मलीला ते तिच्या विद्यार्थिदशेपासून ओळखत होते. "धडक बसेपर्यंत सावधनाद वाजत होता. मी नोंद तपासली."

 या मोसमात जहाजाच्या धडकेनं मेलेली ही तिसरी मादी होती.

इतर समुद्रांतले कुबडे देवमासे उन्हाळा ध्रुवाकडच्या थंड पाण्यात काढतात. तिथं पोटभर खातात आणि विणीसाठी उबदार पाण्यात येतात. अरबी समुद्रातले मात्र कुठंच जात नाहीत. इथंच जन्मतात, इथंच आईचं दाट दूध पिऊन वाढतात, इथंच मरतात. संख्या आधीच थोडी, आणि बाहेरून कुणी येऊन ती भरून काढणार नाही. पूर्वी जहाजांच्या गोंगाटात त्यांना एकमेकांचे आवाज ऐकू येत नसत, म्हणून कायदा झाला आणि इंजिनं निःशब्द करण्यात आली. मग वेगळंच संकट आलं. देवमासा माशासारखा पाण्यात श्वास घेत नाही, त्याला हवेसाठी वर यावंच लागतं. वर आलेल्या जनावराला निःशब्द जहाजाची चाहूलच लागेना. विणीच्या महिन्यांत देवमासे जहाजांच्या वाटेवरच जमतात, त्या काळात धडका होऊ लागल्या.

तेव्हा शाल्मलीनं सावधनाद तयार केला. देवमाशांच्या पिल्लांची शिकार करणारा काळा-पांढरा शिकारी देवमासा जी हाक देतो, तिच्यावर तो बेतला होता. तीन चढते सूर आणि एक खोल घसरण. तो कानी पडताच कुबडे देवमासे दूर पळत. प्रत्येक जहाजावर तो सक्तीचा झाला आणि पुढं कितीतरी वर्षं एकही देवमासा धडकेनं मेला नाही. शाल्मलीचं नाव शाळेच्या पुस्तकात गेलं.

"बंदर समितीच्या सबनीसांचा फोन होता," ती म्हणाली. "आवाज दुप्पट करायचा ठराव ते मांडणार आहेत. माझ्याकडं संमती मागितलीय. मी देणार आहे."

"त्याआधी हे ऐक."

त्यांनी तिच्यासमोर कर्णफोन सरकवले. समुद्राच्या तळाशी बसवलेल्या पाणकानांनी, म्हणजे पाण्याखालच्या ध्वनिग्राहकांनी, टिपलेलं नराचं गाणं होतं. विणीच्या काळात नर तासन्‌तास गातात. विव्हळल्यासारखे लांब स्वर, मधूनच दार करकरावं तसा आवाज, पुन्हा लांब स्वर. मग तीन चढते सूर आले आणि एक खोल घसरण.

"जवळून जहाज गेलं असेल," शाल्मली म्हणाली.

"त्या दिवशी तिथं जहाज नव्हतं. हा नरच गातोय. इतरही गातायत. मागं जाऊन पाहिलं, तर गेली आठ-नऊ वर्षं ही ओळ त्यांच्या गाण्यात आहे. आपण गाण्यातून जहाजांचे आवाज गाळून टाकायचो ना? त्यात हीसुद्धा गाळली जात होती."

शाल्मलीनं कर्णफोन काढले. नरांचं गाणं दरवर्षी थोडं बदलतं हे तिला नव्यानं सांगायची गरज नव्हती. एखादा नर नवी ओळ आणतो, बाकीचे ती उचलतात, आणि दोन-चार मोसमांत सगळा समुद्र तीच गाऊ लागतो.

"आपण त्यांच्या समुद्रात एक नवी ओळ रात्रंदिवस वाजवत राहिलो," हरूनभाई म्हणाले. "त्यांनी ती उचलली."

"पण तो भीतीचा आवाज आहे."

"ज्यांनी शिकारी देवमासा पाहिलाय त्यांच्यासाठी. इथं तो फार क्वचित येतो. आवाजात भीती भरलेली नसते, शाल्मली. तो कुणाच्या तोंडून ऐकला त्यावर त्याचा अर्थ ठरतो. म्हाताऱ्या माद्या अजून जहाजापासून पळतात. मेल्या त्या तिघीही तरुण होत्या, नुकत्याच वयात आलेल्या. त्यांनी हा सूर लहानपणापासून नरांच्या गाण्यात ऐकला. मादी नराच्या गाण्याकडं जाते."

"हा तर्क झाला."

"हो. म्हणून उद्या बोट काढू."

दुसऱ्या दिवशी समुद्र शांत होता. किनारा दिसेनासा झाल्यावर बोट चालवणाऱ्या मयेकर सारंगांनी ती थांबवली. बऱ्याच वेळानं दूरवर एक फवारा उडाला. काळी पाठ वर आली, वळली, आणि शेपूट पाण्याबाहेर उभं राहिलं. शेपटाच्या खालच्या बाजूचे पांढरे डाग प्रत्येक देवमाशाचे वेगळे असतात. दुर्बीण लावताच शाल्मलीनं तिला ओळखलं. यंत्रं बसवल्यानंतर जन्मलेलं हे पहिलं पिल्लू. आईच्या अंगाला चिकटून ते पोहत होतं, तेव्हा शाल्मली बोटीवर बसून रडली होती. आता ती पूर्ण वाढलेली मादी होती.

शाल्मलीनं कर्णफोन लावले, पाणकान आणि ध्वनिक्षेपक पाण्यात सोडले आणि सावधनाद वाजवला.

मादी वळली आणि सरळ बोटीकडं आली.

शेवटच्या टप्प्यात तिनं वेग कमी केला. बोटीपेक्षा मोठं ते शरीर अगदी हलकेच बाजूला येऊन टेकलं. तिनं डोकं पाण्याबाहेर काढलं. शाल्मलीला तिचा डोळा दिसला. त्यात भीती नव्हती. ती वाट पाहत होती.

"बंद कर," हरूनभाई हलक्या आवाजात म्हणाले.

शाल्मलीनं ध्वनिक्षेपक बंद केला. तरी कर्णफोनात सूर येतच राहिला. तो पश्चिमेकडून येत होता. तिनं मान वर केली. क्षितिजावर मालवाहू जहाज दिसत होतं. मादीनंही तो सूर ऐकला होता. ती बोटीपासून सुटली आणि तिकडं निघाली.

शाल्मलीनं रेडिओ उचलला. जहाजाच्या कप्तानाला तिनं आपलं नाव सांगितलं, यंत्र ताबडतोब बंद करायला सांगितलं.

"मॅडम, ते बंद करणं गुन्हा आहे," कप्तान म्हणाला.

"माहीत आहे. तो नियम माझ्याच सांगण्यावरून झालाय. तुमच्या यंत्राच्या आवाजावर एक मादी तुमच्याकडं येतेय."

"पण बंद केलं तर आम्ही येतोय हे तिला कळणार कसं?"

"नाही कळणार. म्हणून वेग कमी करा. जमेल तितका."

रेडिओ थोडा वेळ खरखरत राहिला. मग समुद्रातला सूर थांबला. एवढं मोठं जहाज एकदम मंदावत नाही. मादी एकदा पाठ दाखवून खाली गेली ती वर येईना. मयेकरांनी टोपी काढून हातात धरली होती. जहाज जवळ आलं, हळू झालं, अगदी रेंगाळत पुढं गेलं. त्याच्या मागं, बऱ्याच अंतरावर, फवारा उडाला.

मादी तिथंच घिरट्या घालत राहिली. मघाशी जिथून साद आली होती तिथं आता कुणीच नव्हतं.

संध्याकाळी धक्क्यावर उतरताच शाल्मलीनं सबनीसांना फोन लावला. जे पाहिलं ते सगळं सांगितलं. सगळी यंत्रं आजच बंद करा, म्हणाली.

 "ठीक आहे," सबनीस म्हणाले. "हा आवाज बाद. किती दिवसांत दुसरा तयार कराल?"

"दुसरा करून उपयोग नाही."

"का?"

"तोही ते शिकतील."

"मग आम्ही करायचं काय, डॉक्टर?"

"विणीचे महिने सगळी जहाजं आज ते एक गेलं तशी न्यायची," शाल्मली म्हणाली. "हळू. दरवर्षी."