शंभरात तेवीस

माझं काम मोजण्याचं. किरणांपाशी काम करणाऱ्यांचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत येतं. त्यातल्या पेशी दोन दिवस वाढवायच्या, काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघायची. धडधाकट गुणसूत्राला कंबर, म्हणजे आवळलेली जागा, एकच असते. किरणांनी डीएनए तुटला की पेशी घाईघाईत टोकं जोडते, आणि कधी भलतं टोक भलत्यालाच चिकटवून बसते. मग एकाच गुणसूत्राला दोन कंबरा येतात. त्या मी मोजते. रक्त कोणाचं ते मला सांगत नाहीत. बाटलीवर नुसता क्रमांक. माणूस कळला की नजर फितूर होते, असं आमच्या मॅडम म्हणतात.

नवरा पाइपांच्या वेल्डिंगचे फोटो किरणांनी काढतो. गेल्या वर्षी किरणोत्सर्गी गोळी तिला आत-बाहेर नेणाऱ्या तारेवरून निसटून नळीतच राहिली, आणि ती नळी खांद्यावर टाकून हा पठ्ठ्या चाळीस मिनिटं हिंडला. छातीवरच्या किरण मोजणाऱ्या बिल्ल्याने दाखवलेला आकडा ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली.

"मला काही होत नाहीये गं," तो म्हणाला. "साधी मळमळसुद्धा नाही."

त्याचं रक्त आमच्याच प्रयोगशाळेत आलं. तुलनेसाठी किरणांच्या वाऱ्यालाही न गेलेल्या माणसाचं रक्त लागतं. नेहमीच्या बाई रजेवर होत्या. नणंद म्हणाली, "माझं घ्या की." ती घरी शिवणकाम करते. उभ्या जन्मात तिचा एक एक्स-रे निघालेला नाही. आई गेल्यावर माझ्या नवऱ्याला तिनेच लहानाचं मोठं केलं.

मोजायचं मीच, असा मी हट्ट धरला. पहिल्या बाटलीत, शंभर पेशींत, दोन कंबरांचं एकही गुणसूत्र नव्हतं. दुसरीत तेवीस. तीनदा मोजली. तोंड धुऊन आले आणि कागद मॅडमच्या हातात दिला. त्यांनी यादी उघडली आणि क्रमांक दोनदा ताडून पाहिले.

"पहिली तुझ्या नवऱ्याची आहे," त्या म्हणाल्या. "बाटल्या बदलल्या असतील."

मी स्वतः दोघांचं रक्त पुन्हा काढलं. पुरुषाचं वाय गुणसूत्र उठून दिसावं म्हणून वेगळा रंग दिला. तेवीसवाल्या काचेवर ते कुठेच नव्हतं. रक्त बाईचंच होतं.

खोटं कशाला बोलू? मला आधी आनंद झाला. लाज नंतर वाटली.

"ताई, तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? बाह्या जोडत बसले होते. त्या अपघाताच्या दुपारी इथे पोळल्यासारखं झालं." तिने पदर सरकवला. खांद्यावर लाल पट्टा होता, नळीएवढा रुंद. "तो बरा आहे ना? मग झालं तर."

तिचे केस गळाले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. मी तिला भरवलं, न्हाऊ घातलं. तिचे उपकार सात जन्मांत फिटायचे नाहीत, हे मी तिला तोंडावर सांगितलं, तर ती म्हणाली, "पुरे, सुई ओवून दे." दर महिन्याला मी तिचं रक्त मोजत होते. तेवीस. तेवीस. तेवीस. एरवी हा आकडा हळूहळू उतरतो, इथे बावीससुद्धा कधी झाले नाहीत.

या सोमवारी शून्य आले.

धावत घरी गेले. नणंद झबलं बेतत होती. मला पाचवा महिना लागलाय. तिच्या खांद्यावरचा पट्टा गेला होता.

"आज फार हलकं वाटतंय गं," ती म्हणाली. नवऱ्याने तिला उचलून गरकन फिरवलं. मी तिला मिठी मारून पोटभर रडले. इतकं भरून पावल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं.

गुरुवारी नवऱ्याचं पुन्हा मोजलं. शून्य.

काल माझं मोजलं. शून्य.

घरात रक्त न काढलेलं आता एकच कोणी उरलंय.

मी पोटावर हात ठेवला. "नको बाळा," हळूच म्हटलं, "परत दे."

आत काहीच हललं नाही.