उलट्या आट्यांची चाकं

बसा, बसा. गाडी काय, शेडमध्ये उभीच आहे, पळून जात नाही. चहा होईपर्यंत एक सांगून टाकते, म्हणजे तुमचा वेळ फुकट जायला नको. मी ती विकणार नाही. लांबून आलात, मनापासून बघा, हवं तर आत बसा, पण किंमत काढू नका.

म्हातारीचं डोकं फिरलंय असं वाटेल तुम्हाला. मला साठ, गाडीला सत्तर. सकाळी उठायला दोघींनाही वेळ लागतो. अमेरिकन आहे, एवढी लांब की शेडचं मागचं दार काढून टाकावं लागलं. स्टिअरिंग डाव्या हाताला, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच चिकटलेला, आणि बॅटरी सहा व्होल्टची, त्यामुळे दिवे लागतात तेही जांभया देत. थंडीत चोक किती ओढायचा, कधी परत ढकलायचा, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते कानाला कळावं लागतं. माझ्या कानात ते घातलं मिस्त्रीकाकांनी.

मिस्त्रीकाका म्हणजे सासऱ्यांच्या या गाडीचे मेकॅनिक. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात हिला लागू दिला नाही. मी सून म्हणून आले तेव्हा आमचे हे तेलाच्या वासानं नाक धरून घरात पळायचे, आणि सासऱ्यांना तर पाना कुठल्या बाजूनं धरतात तेही ठाऊक नव्हतं. मग काकांनी मलाच हाताशी धरलं. चाक आवळताना फिरू नये म्हणून कुणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरावा लागायचा, ते माझं काम. ते खालून म्हणायचे, "दाब, सूनबाई." मी म्हणायचे, "दाबलंय." उत्तर आल्याशिवाय पान्याला हात लावायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम गप्प बसले, तर पाच मिनिटं तसेच उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, "झाली का गंमत करून?" काम संपलं की रॉकेलनं हात चोळायचे आणि वरून कपड्याचा साबण लावायचे, तो वास शेडभर राहायचा.

आणि एक गोष्ट त्यांनी मला शंभरदा सांगितली असेल. या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे आहेत. उजवीकडचे नट घड्याळासारखे फिरवले की आवळतात, डावीकडचे तसे फिरवले की सुटतात. नवा माणूस हमखास फसतो. मी मात्र कधीच फसले नव्हते.

काका गेले त्याला तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. माझी लेक तेव्हा आमच्याकडे होती, नववा महिना लागलेला. चार वाजता खाली शहरातल्या दवाखान्यात तपासणी. जावई परगावी, आणि नेहमीचा टॅक्सीवाला नेमका तापानं फणफणलेला. म्हटलं चला, म्हातारीलाच काढू. आदल्या आठवड्यात नवे टायर बसवले होते. नवे टायर बसले की शे-दीडशे किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे, ही काकांची शिस्त. मी पाना घेतला, चारही चाकांच्या कॅप काढल्या आणि उजवीकडून सुरुवात केली. आतून लेक हाका मारतेय, आई फाईल कुठेय, आई चष्मा कुठेय. डोकं तिकडे, हात इकडे. एका लयीत उजवी बाजू झाली, त्याच लयीत डावीकडे आले. पान्यावर पाय देऊन जोर लावला. नट 'कट्' करून हलला. म्हटलं, बरं झालं बाई आवळला, ढिला होता.

दहाच्या दहा नट मी माझ्या हातानं ढिले केले हो. ज्या बाईनं उभ्या गावाला आट्यांचे धडे दिले, तिनं. वर कॅप बसवल्या आणि पोटुशी पोर शेजारी बसवून घाट उतरायला निघाले.

अर्ध्या घाटात धुकं आलं. दुपारचे तीन, आणि बॉनेटचं टोक दिसेना. रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड तेवढे एकेक करून पुढे यायचे. माझी बाजू दरीकडची. स्टिअरिंगला बारीक थरथर लागली होती, आणि डावीकडून आवाज… टक… टक…

"आई, हे काय वाजतंय?"

"म्हातारीची हाडं. तू पाय लांब करून बस."

थरथर वाढली. लेक एकदम पोट धरून वाकली. म्हणाली, "आई, कळ आली. खरीखुरी." मग मी कुठली थांबतेय! वेग वाढवला. आणि पुढच्या वळणाच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. आचका नाही, खोकला नाही, कुणीतरी हात लांब करून चावी फिरवावी तसं. उन्हाळ्यात पेट्रोल तापून ही बंद पडते, तो भाग वेगळा. त्या गारठ्यात काय तापणार? गाडी आपसूक कडेला घरंगळली. मी हॅन्डब्रेक ओढला.

इंजिन थांबल्यावर इतकी शांतता झाली, की छपरावरून धुक्याचं पाणी ओघळतानाही ऐकू येत होतं. मी चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. मग वास आला. रॉकेलचा, आणि त्यावर कपड्याच्या साबणाचा. मागे डिकी उघडली. ती मी कुलूप लावून आणली होती.

"आई… कोण आहे?"

"श्श्…"

माझ्या दाराखाली खटकन कॅप निघाली. रस्त्यावर ठेवल्याचा आवाज आला, गरगरत स्थिर होईपर्यंत ऐकला मी. मग गाडीची माझी बाजू वर उचलली जाऊ लागली. जॅकचा एकेक दात. कडक्… कडक्… पलीकडे दरी. कुणी चाक काढतंय, आम्हाला ढकलून देणार, एवढंच डोक्यात. काचेवर माझाच श्वास साचलेला, पुसायची हिंमत होईना.

आणि खालून, अगदी माझ्या गुडघ्याजवळून, हळू आवाज आला.

"दाब…"

माझा पाय माझ्या आधी हलला. ब्रेक तळापर्यंत गेला. तोंडातून निघालं, "दाबलंय."

लेकीनं माझा दंड असा धरला, की नखांच्या खुणा आठवडाभर होत्या. "आई, कुणाशी बोलतेस तू?"

नट कुरकुरला. एक. दोन. मी मोजत होते आणि कानाला काहीतरी वेगळं लागत होतं. पाना उलटा फिरत होता. घड्याळाच्या उलट. आणि त्या क्षणी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, तो खालच्या आवाजाचा नव्हता. निघताना मी काय करून बसले होते, ते मला आत्ता कळलं होतं.

पाच नट झाले. गाडी खाली आली. पावलं मागच्या चाकाकडे गेली. तिथून पुन्हा, "दाब…"

"दाबलंय, काका," मी म्हटलं. रडत होते मी.

सगळं झाल्यावर डिकी मिटली. मग गाडीची मागची बाजू दबली, माणूस सीटवर टेकतो तशी. थोडं थांबून आणखी किंचित दबली. म्हटलं, बसले असतील नीट सरकून. आरशात मी बघितलं नाही. कृतज्ञता कितीही असू द्या, मान वळायला तयार नव्हती. चावीला हात लावला मात्र, इंजिन सुरू. उरलेला घाट स्टिअरिंग लोण्यासारखं चाललं.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये नर्सनं लेकीला खुर्चीत बसवून आत नेलं. काचेचं दार मिटलं. बाहेर मी एकटी. डावीकडची कॅप काढून पाना लावला. पाचही नट असे घट्ट, की माझ्या वजनालाही हलेनात. मी तिथेच गाडीसमोर हात जोडले. म्हटलं, "काका, माझी पोर वाचवलीत. पोरही आणि तिच्या पोटातलंही. माझ्या हातून केवढा घात होणार होता."

गाडीखालचे स्प्रिंगचे कमानपाटे कुरकुरले. मागचा डावा कोपरा चांगला तीन बोटं वर आला. दार उघडलं नाही. रॉकेलचा वास माझ्याजवळून गेला आणि विरला. खरं सांगते, भीती पार गेली होती. इतकं हलकं मला माझ्या आईच्या कुशीतही वाटलं नसेल. बाहीनं डोळे पुसत मी तशीच उभी राहिले.

तेवढ्यात गाडी पुन्हा हलली. आता उजवा कोपरा. जेमतेम अर्धं बोट वर आला. एवढंसं वजन. आणि समोरचं काचेचं दार, आतबाहेर कुणी नसताना, थोडंसं उघडलं. लहान मूल आडवं होऊन शिरेल, एवढंच. मग मिटलं.

रात्री साडेआठला नात झाली. ठणठणीत. आता चार वर्षांची आहे, शेजारच्या खोलीत झोपलीय, म्हणून तर हळू बोलतेय. काकांचे उपकार माझ्यानं या जन्मी फिटणार नाहीत, रोज दिवा लावल्यासारखं मी त्यांचं नाव घेते. फक्त त्या धुक्यात, त्या वळणावर, त्यांनी तिला कुठून आणून गाडीत बसवलं… आणि कुणाला विचारून आणलं, ते मला अजून कळलेलं नाही.